रस्त्याकडेच्या जुन्या झाडांची किंमत रुपयांत धरावी का?

मांडवीकाठ :
गोव्यात रस्ता रुंद करायचे ठरले की एक बाजू 'झाडे तोडू नका' म्हणते आणि दुसरी 'एकाच्या बदल्यात दहा लावू' म्हणते, परंतु जे झाड जाणार आहे त्याचे मोल किती, हे दोन्ही बाजूंपैकी कोणीच मांडत नाही. माझा प्रस्ताव असा की, रस्त्याचा किंवा मलनिस्सारण वाहिनीचा आराखडा आखला जात असतानाच त्या मार्गावरच्या प्रत्येक जुन्या झाडाची किंमत अंदाजपत्रकात रुपयांत धरली जावी. म्हणजे वाहिनी चार मीटर सरकवणे स्वस्त की झाड तोडणे स्वस्त, याचा हिशेब काम सुरू होण्यापूर्वीच समोर येईल.

ही कल्पना नवी नाही. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी 356 झाडे तोडण्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होते, तेव्हा नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षाला 74,500 रुपये असा हिशेब सुचवला होता. लंडनमध्ये वेगळी पद्धत आहे : तिथे खोडाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, आसपासची लोकवस्ती, झाडाची प्रकृती आणि उरलेले आयुष्य पाहून किंमत काढतात, आणि तिथल्या बर्कली चौकातल्या प्लेन जातीच्या एका वृक्षाची किंमत 2008 मध्ये साडेसात लाख पौंड ठरली होती. मला ही पद्धत अधिक पटते, कारण 'एकास दहा' या हिशेबातली खोट ती लगेच दाखवते. 90 सेंटिमीटर व्यासाच्या खोडाचा छेद 15 सेंटिमीटर व्यासाच्या छत्तीस खोडांएवढा भरतो, आणि बदली म्हणून लावली जाणारी रोपे तर मनगटाएवढीसुद्धा नसतात.

चिरेबंदी :
बांधकामाच्या क्षेत्रात असल्यामुळे मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आपण उल्लेखलेल्या 74,500 रुपयांपैकी 45,000 रुपये केवळ प्राणवायूचे धरलेले आहेत, आणि तो हिशेब शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के आहे. पणजीतल्या अठरा जून रस्त्यावरचे झाड उभे राहिले किंवा पडले, तरी त्या रस्त्यावरच्या माणसाच्या श्वासात मोजता येईल असा फरक पडत नाही. अर्ध्याहून अधिक रक्कम अशा पायावर उभी असेल, तर उरलेल्या रकमेवर तरी लोकांनी विश्वास का ठेवावा?

याहून मोठा आक्षेप असा की, जिला किंमत लागते ती वस्तू विकत घेता येते. शेकडो कोटींच्या प्रकल्पात झाडामागे पन्नास लाख किंवा एक कोटी भरणे कंत्राटदाराला जड नाही. तो ते निविदेत धरेल आणि शेवटी करदाताच भरेल. आज निदान परवानगी मागताना थोडा संकोच असतो, उद्या पावती असेल.

आणि धोक्याचे काय? 16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा राज्यभर झाडे उन्मळून पडली, विजेच्या तारा तुटल्या आणि अनेक गावे काही दिवस अंधारात राहिली. झाडाच्या नावे जमा मांडायची असेल, तर हे नुकसानही मांडले पाहिजे. आपल्या रस्त्यांकडेचा गुलमोहर मादागास्करचा आणि रेन ट्री अमेरिका खंडातला. दोन्ही शोभेसाठी लावलेले, आणि गुलमोहराचे लाकूड किती ठिसूळ असते हे वेगळे सांगायला नको.

सावलीतली :
चिरेबंदी, प्राणवायूचा आकडा मीही सोडून देते, कारण या शहरात झाडाचे खरे काम सावलीचे आहे आणि तेवढ्यावरच त्याची किंमत उभी राहू शकते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा नागपूरइतका चढत नाही, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही. अशा हवेत झाडाच्या बाष्पोत्सर्जनाने, म्हणजे पानांवाटे पाण्याची वाफ जाण्याने, मिळणारा गारवा कोरड्या प्रदेशाच्या मानाने कमीच असतो; वाचवते ती पानांची दाट छत्री, जी उन्हाचा मारा थेट अंगावर आणि डांबरावर पडू देत नाही. पणजीत कांपालला मांडवी नदीच्या बाजूने रेन ट्रीच्या फांद्या रस्त्यावर पसरल्या आहेत. तिथून चालत जावे आणि लगेच एखाद्या नव्या, उघड्या पदपथावरून चालावे, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. हा लाभ कोणाला होतो, तेही पाहावे. वातानुकूलित गाडीतून जाणाऱ्याला नव्हे. बसची वाट पाहणाऱ्याला, मोटारसायकलवरून भाडे नेणाऱ्या पायलटला, फळे घेऊन बसलेल्या बाईला.

झाडे पडतात हे खरे, पण ती का पडतात हे आपण बांधकामातले असूनही लिहिले नाहीत. आमच्या गल्लीत वाहिनीसाठी खोडापासून हातभर अंतरावर जेसीबीने सरळ चर खणला गेला. मांडीएवढी जाड मुळे बादलीच्या दातांनी उखडून, चिंध्या झालेल्या टोकांनिशी तांबड्या मातीतून बाहेर आली होती. मग चर बुजवला, वर पेव्हर ब्लॉक बसवले आणि ते थेट खोडाला भिडवले. पुढच्या पावसाळ्यात झाड कोसळले ते चराच्या विरुद्ध बाजूला, कारण त्याला मागून धरून ठेवणारे काही उरलेच नव्हते. वर्तमानपत्रात मात्र 'वाऱ्याने झाड पडले' अशी बातमी आली. खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटपासून मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीसाठी 2013 मध्ये दिला होता. आपल्या शहरांत फेरफटका मारून अशी मीटरभर मोकळी माती किती खोडांभोवती दिसते ते मोजावे.

(इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत याच झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळून आपण जगाला दाखवतो, हे जाता जाता.)

चिरेबंदी :
चर चुकीचा खणला गेला असेल, तर तो पर्यवेक्षणाचा दोष आहे. पण नियमाची व्यवहार्यताही पाहावी. बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटिश मानक असे सांगते की, खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ अबाधित ठेवावे. मांडवीकाठ यांच्या 90 सेंटिमीटरच्या खोडाला हे अंतर 10.8 मीटर होते. पणजीतले कित्येक रस्ते एवढे रुंदसुद्धा नाहीत. मग पाण्याची, मैल्याची आणि विजेची वाहिनी न्यायची कुठून?

मांडवीकाठ :
त्याच वर्तुळात, पण यंत्राऐवजी हाताने खणून आणि जाड मूळ न कापता त्याच्या खालून पाइप सरकवून. हे काम अर्थातच महाग पडते, आणि म्हणूनच किंमत अंदाजपत्रकात हवी. झाडाची किंमत शून्य धरलेली असेल, तर हाताने खणण्याचा जादा खर्च कोणताही लेखापरीक्षक उधळपट्टीच ठरवेल.

पावती फाडून झाड तोडण्याची भीती मला मान्य आहे. पण गोव्याच्या 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागतेच आणि ती लागत राहावी. किंमत परवानगीच्या जागी नको, तिच्या आधी हवी.

झाड उपटून दुसरीकडे लावण्याचा मधला मार्ग कोणीतरी सुचवेलच, म्हणून आताच लिहितो. 2024 मध्ये पणजीतल्या सांतिनेजचा जुना वड रस्त्याच्या कामासाठी हलवला गेला आणि 2025 मध्ये पर्वरीत खाप्रेश्वर देवस्थानाजवळचा वड उड्डाणमार्गासाठी काढला, तेव्हा भाविक आणि वृक्षप्रेमी दोघेही रस्त्यावर उतरले. वडाची नुसती फांदी खोचली तरी ती मुळे धरते, म्हणून त्याच्या बाबतीत थोडी आशा तरी असते. जुना आंबा किंवा रेन ट्री असा हलवायला गेल्यास बहुतेक पोषक मुळे जागच्या जागी तुटून राहतात, आणि क्रेनने नेलेला तो ओंडका काही महिने हिरवा दिसला म्हणून जगला असे होत नाही.

कौलारू घर, मडगाव :
आपण सगळे सावलीबद्दल लिहिता आहात. मी त्या सावलीखाली राहते. रस्त्याकडेच्या झाडाची एक फांदी आमच्या छपरावर आली आहे, दर पावसाळ्यात पन्हळी पानांनी तुंबतात, कौले फुटतात. फांदी छाटायची तर अर्ज आम्ही करायचा, पाहणीसाठी फेऱ्या आम्ही मारायच्या, माणूस आम्ही आणायचा आणि मजुरीही आम्हीच द्यायची. शेवटी येणारा माणूस कोयत्याने बुंध्यापर्यंत सोलून जातो, जखम कुजते आणि दोन-तीन वर्षांत तेच झाड धोकादायक ठरते. झाड सार्वजनिक मालमत्ता म्हणून नोंदवणार असाल, तर त्याच्या नावापुढे देखभालीची वार्षिक तरतूदही लिहा. रस्त्यावरच्या दिव्याचा बल्ब मी बदलत नाही, मग फांदी मी का छाटायची?

चिरेबंदी :
ताई, आपल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरे तर या चर्चेत तोच सर्वांत आधी यायला हवा होता. कंत्राटदाराकडून झाडामागे अनामत घेऊन ती तीन पावसाळे अडकवून ठेवावी आणि झाड वाचले तरच परत करावी, एवढे मी मान्य करतो. मुळे कापणाऱ्याला त्याचा परिणाम भोगण्यापूर्वी बिल मिळते, हे मी रोज पाहतो. पण झाडाला रुपयांची चिठ्ठी लावण्यास माझा विरोध कायम आहे.

सावलीतली :
अनामत किती घ्यायची, हे आपण कोणत्या आकड्यावरून ठरवणार आहात?