फोल्डरमधल्या फाइलींची नावं एक्सेलमध्ये कशी घ्यायची? मराठी-कन्नड नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येताहेत

खानापूरवाला
नमस्कार मंडळी. आमच्या भावकीची जमिनीची कागदं गेली दोन वर्षं बसून स्कॅन केलीत, उतारे, फेरफार, खरेदीखतं, सगळं मिळून तीन हजारांवर फाइली झाल्यात, हार्ड डिस्कवर घराण्याप्रमाणे फोल्डर आणि आत आणखी फोल्डर. १९५६ च्या आधीची कागदं मराठीत आहेत, काही मोडीत, नंतरची कन्नडमध्ये, त्यामुळे फाइलींची नावं पण तशीच पडलीत, काही मराठी, काही कन्नड लिपीत, आणि काहींना नुसता सर्वे नंबर. आता दिवाळीला सगळी भावकी गावात जमणार, तेव्हा कुठलं कागद आहे आणि कुठलं नाही याची यादी हातात पाहिजे. बहिणीनं हातानं टाइप करायला घेतलं, दोनशे झाली तोवर बारा चुका. व्हिडिओ बघून काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) फाइलींची यादी काढायची डिर कमांड मारली तर यादी आली, पण मराठी-कन्नड नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. विंडोज १०, एक्सेल २०१९ आहे. कोणीतरी सांगा की.

निपाणी_७७
सोपं आहे, सगळ्या फाइली सिलेक्ट करा, शिफ्ट दाबून राइट क्लिक, कॉपी अ‍ॅज पाथ, आणि एक्सेलमध्ये पेस्ट. नावं जशीच्या तशी येतात, फक्त दोन्ही बाजूला अवतरणचिन्हं असतात ती काढायची.

खानापूरवाला
दादा हे केलं, पण एका वेळी एकच फोल्डर होतोय, माझे आत-आत मिळून साठ-सत्तर फोल्डर आहेत.

डीटीपी_टिळकवाडी
अण्णा, डिरचा नाद सोडा. ती काळी खिडकी जुन्या कोड पेजवर, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यावर चालते, त्यात देवनागरी नाही की कन्नड नाही, म्हणून यादीच्या फाइलमध्ये प्रश्नचिन्हं पडतात. तुमच्या मूळ फाइलींना काही झालेलं नाही, घाबरू नका.

तुमच्या एक्सेलमध्येच सोय आहे. डेटा टॅबमध्ये गेट डेटा, मग फ्रॉम फाइल, मग फ्रॉम फोल्डर. सगळ्यात वरचा फोल्डर दाखवा, आतले सगळे आपोआप येतात. मग एक खिडकी येते, तिथं कंबाइन अजिबात दाबू नका, ते फाइलींच्या आतला मजकूर जोडायला जातं आणि फोटोवर अडकतं. ट्रान्सफॉर्म डेटा दाबा. पहिला कंटेंट नावाचा कॉलम उडवा, बाकी नाव, एक्स्टेन्शन, तारखा आणि फोल्डर पाथ ठेवा. फोल्डर पाथ नक्की ठेवा, कुठलं कागद कुठल्या घराण्याचं हे त्यावरूनच कळणार. लपलेल्या फाइलीपण यादीत येतात, त्या एक्स्टेन्शनवर फिल्टर लावून काढा. शेवटी क्लोज अँड लोड. आमच्या दुकानात लग्नाच्या फोटोंची यादी मी अशीच काढतो.

खानापूरवाला
लई उपकार झाले, पाच मिनिटांत ३,२०० च्या वर ओळी आल्या, कन्नड नावंसुद्धा नीट! पण एक घोटाळा झाला. सर्वे नंबर १२ हिस्सा ३ असेल तर नावात स्लॅश चालत नाही म्हणून मी १२-३ असं ठेवलंय, इंग्रजी आकड्यात. यादी दुसऱ्या शीटवर घेऊन फाइंड रिप्लेसनं नावाच्या शेवटचं .जेपीजी काढलं तर १२-३ चं १२ मार्च झालं. ११२-३ मात्र तसंच आहे.

डीटीपी_टिळकवाडी
तारखेसारखं दिसलं की एक्सेल तारीख करतं, ११२ तारीख नसते म्हणून ते सुटलं. आता ते सेल टेक्स्ट करून उपयोग नाही, पाच आकडी नंबर दिसेल. ते शीट टाका, जेपीजी क्वेरीतच, म्हणजे ट्रान्सफॉर्म डेटा दाबल्यावर उघडते त्या खिडकीतच काढा: नावाचा कॉलम निवडून ट्रान्सफॉर्म, एक्स्ट्रॅक्ट, टेक्स्ट बिफोर डिलिमिटर, तिथं टिंब द्या, आणि अ‍ॅडव्हान्स्डमध्ये शेवटाकडून शोधायला सांगा, नाहीतर ‘स.नं.’ असं नाव असेल तर पहिल्या टिंबालाच तुटेल. तिथं तो कॉलम टेक्स्टच राहतो.

चिकोडी_मास्तर
आणखी एक सांगतो, माझं आठ दिवसांचं काम यात गेलंय. त्या टेबलाशेजारीच ‘मूळ प्रत कोणाकडे’ असले शेरे लिहू नका. नवीन फाइली टाकून रिफ्रेश केलं की ओळी सरकतात, शेरे जागेवरच राहतात, आणि एकाचं कागद दुसऱ्याच्या नावावर दिसायला लागतं. भावकीत हे किती महागात पडेल ते तुम्हाला माहीत आहेच. यादी पूर्ण झाली की कॉपी करून वेगळ्या शीटवर व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा आणि मगच शेरे लिहा.

खानापूरवाला
बरं झालं वेळेवर सांगितलंत मास्तर, बहीण आजच शेरे लिहायला बसणार होती. क्वेरीतून जेपीजी काढलं, १२-३ आता १२-३ च आहे. पण आज हार्ड डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावून रिफ्रेश केलं तर फोल्डर सापडत नाही म्हणतंय?

निपाणी_७७
ड्राइव्हचं अक्षर बदललं असणार, ई चं एफ झालं असेल. क्वेरीत सोर्स नावाची पहिली पायरी आहे, तिथं अक्षर बदला.

खानापूरवाला
होय, एफ झालं होतं. चालू झालं.