मावशी रजेवर असताना दोघींनी २६ मुले कशी सांभाळावीत?

प्रश्न : पूर्वभागातली बाई

नमस्कार. मी जून महिन्यापासून सोलापूरच्या पूर्व भागातील एका लहान बालवाडीत शिकवते. भाड्याच्या घरातील दोन खोल्या, पुढे शहाबादी फरशीचे छोटेसे अंगण आणि घराच्या मागच्या बाजूला स्वच्छतागृह, एवढीच आमची जागा आहे. ३ ते ५ वर्षे वयाची २६ मुले आहेत आणि त्यांच्यासाठी आम्ही दोन शिक्षिका व एक मावशी आहोत. मावशींच्या घरी आजारपण असल्यामुळे त्यांना आठवड्यातून एक-दोन दिवस येता येत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र त्या नसतात त्या दिवशी आमची जी तारांबळ उडते, तिच्याविषयी विचारायचे आहे.

मागच्या सोमवारी पंधरा मिनिटांच्या आत दोन गोष्टी घडल्या. एक मुलगा आईचा पदर सोडायला तयार नव्हता, म्हणून माझ्या सहकारी बाई दारात त्या दोघांची समजूत घालत होत्या. त्याच वेळी ३ वर्षांची एक मुलगी माझा हात ओढून “उच्च, उच्च” असे म्हणू लागली. मला ते “उंच” असे ऐकू आले. फळीवरची बाहुली तिला हवी असावी, असे वाटून मी ती काढून दिली. तिने बाहुलीकडे पाहिलेही नाही, पुन्हा तेच म्हणाली, आणि मी दुसरे खेळणे शोधत असताना सतरंजी ओली झाली. तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत “उच्च” म्हणजे शू, हे मला मोठ्या शिशूतल्या एका मुलाने अगदी बाईंना शिकवावे तसे समजावून सांगितले.

तिला धुऊन, कपडे बदलून मी पुढच्या खोलीत आले तेव्हा एक मूल कमी भरले. दारात रडारड चालू असताना, कोणाच्याही लक्षात न येता, एक मुलगा बाहेर पडून बोळाच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानापर्यंत गेला होता. दुकानदार काकांनी त्याला हाताला धरून परत आणून सोडले. त्याला काही इजा झाली नाही, परंतु दुकानापुढच्या रस्त्यावरून सुताच्या बाचक्यांनी भरलेले टेम्पो सतत जात असतात, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक शिक्षिका एका मुलाला घेऊन मागे गेली की उरलेल्या सर्वांचे काय करावे? आपण काय करता? आणि आणखी एक व्यक्ती नेमावी, अशी मागणी संचालकांकडे करणे रास्त ठरेल का?

उत्तर १ : निवृत्त बालवाडी शिक्षिका

ताई, मी याच शहरात तीस वर्षांहून अधिक काळ बालवाडीत काम केले आणि माझ्याही वर्गातून एकदा मूल बाहेर गेले होते, त्यामुळे आपली झोप का उडाली ते मी समजू शकते.

आधी दाराची व्यवस्था करावी. दाराला आतून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर येईल अशी कडी बसवून घ्यावी. कुलूप मात्र कधीही लावू नये. शॉर्टसर्किट झाले किंवा धूर झाला तर दार एका हाताने उघडले पाहिजे. पालकांनी उंबऱ्यापाशीच मुलाचा निरोप घ्यावा, आणि जे काही बोलायचे असेल ते वर्ग सुटल्यावर बोलावे. दारातल्या गप्पा बंद करताना पहिले आठ दिवस पालकांना राग येतो, नंतर तेच एकमेकींना सांगू लागतात. मुले दिवसातून तीनदा मोजावीत: दार लावल्यावर, डबा खाण्यापूर्वी आणि घरी सोडण्यापूर्वी. मनात न मोजता मुलांच्या डोक्याला हात लावून मोठ्याने मोजावे, म्हणजे मुलांचेही आकडे पाठ होतात.

शूसाठी एकेका मुलाला नेत राहिलात तर दिवसभर एकजण मागेच राहील. मुले आल्यावर, डब्यापूर्वी आणि घरी जाण्यापूर्वी असे तीन वेळा निम्म्या-निम्म्या गटाने न्यावे. मधल्या वेळी कोणाला लागलीच, तर तेवढ्यापुरते एकटीने निभावता येते. पालकसभेत एवढे मात्र नक्की सांगावे की नाडीची, पट्ट्याची किंवा घट्ट बटणाची चड्डी घालून मुलाला पाठवू नये, इलॅस्टिकची घालावी. मुलाला वेळेवर कळलेले असते. गाठ सुटत नाही म्हणून कपडे ओले होतात, आणि बोलणी मात्र त्याला बसतात.

भाषेबाबत बोलायचे तर आपल्याला भेटलेला शब्द फार उपयोगाचा आहे, कारण कानडीतही “उच्चे” म्हणजे तेच. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या घरांत कानडी, काही घरांत दखनी उर्दू, आणि आपण मराठीत गोष्ट सांगतो. पाण्याला तेलुगूत “नीळ्ळु” म्हणतात, कानडीत “नीरु” म्हणतात. शू, शी, पाणी, दुखते, भूक आणि आई एवढे सहा शब्द प्रत्येक आईकडून तिच्या उच्चारासह लिहून घ्यावेत आणि तो कागद आपल्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवावा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लहान वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. तीन भाषांची मुले एका सतरंजीवर बसवून ते पूर्णपणे कसे साधायचे, हे मला माझ्या साऱ्या नोकरीत जमले नाही. पण शू आणि तहान मुलाच्या भाषेत समजलीच पाहिजे, यावर मी ठाम आहे.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला गेला. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आले. तिथे मुलांना स्वच्छ करणे, नखे काढणे, केस विंचरणे हा दिवसाच्या कामाचाच भाग होता. मूल धुण्यात आपला “शिकवण्याचा वेळ” गेला, असे आपण कृपया मानू नये.

राहता राहिले ते आपण मागे गेल्यावर उरलेल्या वर्गाचे. जो खेळ बाईंशिवाय चालतो तोच त्या दिवशी बाहेर काढावा. मणी, कात्री, रंग हे मावशी नसताना कपाटातच राहू द्यावेत. आमच्याकडे संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेनंतर महिनाभर एकच खेळ चालायचा. वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या करून मुले यात्रेतल्या उंच काठ्यांसारखे सात नंदीध्वज उभे करायची, एकजण पुढे पेन्सिलींचा डबा घेऊन चालायचा, आणि “हर्र बोला हर्र” म्हणत सगळी मिरवणूक सतरंजीभोवती फिरायची. एकाही मुलाचा नंदीध्वज खाली टेकायचा नाही, कारण टेकवला तर बाकीची मुले ओरडायची. त्या वीस मिनिटांत बाईंना विचारायला कोणी येत नसे. असा खेळ आपल्या मुलांकडेही असेल. तो कोणता, ते एक दिवस नुसते बसून पाहावे.

मावशी नसतील त्या दिवशी एका आईला पाळीने बोलावता येईल, असेही सुचवते.

उत्तर २ : जुळे सोलापुरातून

मी स्वतः एक लहान बालवाडी चालवते, म्हणून संचालकांची बाजू मांडते. माझ्याकडे २४ मुले आहेत आणि महिन्याची फी ८०० रुपये आहे. सगळ्यांनी वेळेवर भरली तर १९,२०० रुपये जमतात. जागेचे भाडे ५,०००, दोन शिक्षिकांचे प्रत्येकी ४,५०० आणि मावशींचे ३,००० असे १७,००० जातात. उरलेल्या २,२०० मध्ये वीजबिल, साबण, फिनेल, कागद आणि खडू भागवायचे असतात. फी उशिरा देणारी तीन-चार घरे धरली तर काही महिने हातातले पैसे घालावे लागतात. तिसरी शिक्षिका नेमा, असे म्हटलेत तर आपले संचालक याच कारणाने नकार देतील, आणि तो नकार खोटा नसेल.

नियमाचा आधार घेण्याचा विचार असेल तर तोही तपासून पाहिलेला बरा. बालसंगोपन व शिक्षणाविषयीच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती असे प्रमाण दिले आहे. २६ मुलांना दोन शिक्षिका म्हणजे कागदावर आपले सगळे ठीक आहे. स्वच्छतागृह घराच्या मागे आहे आणि तिथून दार दिसत नाही, हे त्या प्रमाणात कुठे धरलेले असणार?

म्हणून मागणी लहान करावी. मी गेल्या वर्षापासून बदली मावशी ठेवली आहे. आमच्याच गल्लीतल्या एक बाई निरोप दिल्यावर सकाळचे तीन तास येतात आणि १०० रुपये घेतात. महिन्यात आठ दिवस धरले तरी ८०० रुपये होतात, म्हणजे एका मुलाची फी. स्नेहसंमेलनासाठी भाड्याने आणले जाणारे परी आणि मावळ्यांचे पोशाख मी बंद केले आणि ते पैसे इकडे वळवले. दोन पालक नाराज झाले, ते मी चालवून घेतले. एक विनंती अशी की हे पैसे नेहमीच्या मावशींच्या पगारातून कापण्याची कल्पना कोणी मांडली तर तिला आपण दोघींनी विरोध करावा.

उत्तर ३ : विडी घरकुलची सून

निवृत्त बाईंचे सगळे पटले, फक्त आईला पाळीने बोलावण्याचा मुद्दा पटला नाही. माझ्या सासूबाई आणि जाऊबाई विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या असतात. सकाळ बालवाडीत घालवली तर त्या दिवशी हजाराचा हिशेब पुरा होत नाही. बाईंनी बोलावल्यावर “नाही” म्हणणे आमच्याकडे अवघड असते, त्यामुळे आई येईल, पण ती तोट्यात येईल. शक्य असेल तर आजीला विचारावे, तेही तासाभरासाठी आणि आदल्या दिवशी निरोप देऊन.

दुसरे असे की दारात रडारड कोणत्या दिवशी जास्त होते, हे आपण पाहिले आहे का? आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते. पाण्याच्या दिवशी बॅरल, हंडे, घागरी भरण्यात सगळ्यांची सकाळ जाते. मुलाला कसेबसे आंघोळ घालून, कधी न खाऊ घालता, ओढत आणलेले असते. ते मूल दारात रडणारच. आपल्या भागाची पाण्याची पाळी बाईंना ठाऊक असेल तर त्या दिवशी पहिला अर्धा तास एकीने फक्त दारच सांभाळावे आणि दुसरीने काही नवीन शिकवायला घेऊ नये.

उत्तर ४ : आरोग्यसेविका

एकच गोष्ट सांगते. वर्गात एकटी शिक्षिका असताना डबे उघडू देऊ नयेत. आपल्याकडे डब्यात शेंगदाणे, फुटाणे सर्रास असतात, आणि ५ वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अख्खा दाणा अडकू शकतो. मूल धावत किंवा हसत खात असेल तर धोका अधिक असतो. शेंगांची चटणी भाकरीला लावून दिलेली चालेल, अख्खे दाणे नकोत, असे पालकांना सांगावे. सगळी मुले खाली बसल्यावर आणि दोघी जणी खोलीत असतानाच डबा सुरू करावा.

पूर्वभागातली बाई

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

कडी दुसऱ्याच दिवशी बसवली. सुताराने पैसे घेतले नाहीत, कारण त्याची नात आमच्याकडेच आहे. शब्दांचा कागद दारामागे लावला आहे. मी तो मोठ्याने वाचते तेव्हा मुले हसतात, आणि ती ३ वर्षांची मुलगी माझा “नीळ्ळु” तीन-तीनदा दुरुस्त करते. गटाने नेण्याची सवय लागायला दहा दिवस गेले. त्यानंतर सतरंजी दोनदाच धुवावी लागली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे एक दिवस नुसती बसून पाहिले. आमच्या मुलांचा खेळ कापड विणायच्या मागाचा आहे. दोन रांगा समोरासमोर बसतात, मधून एकजण धोटा (मागावर आडवे सूत नेणारा) होऊन इकडून तिकडे पळतो आणि बाकीचे “खटक-खटक” असा आवाज काढतात. आवाजाने डोके उठते, पण कोणी जागचे हलत नाही.

हिशेब कागदावर मांडून संचालकांना दाखवला. दिवाळीपर्यंत बदली मावशी ठेवून पाहू, असे ते म्हणाले. तशी व्यक्ती अजून मिळालेली नाही.

तोवर मागच्या गुरुवारी त्याच मुलीच्या आजींना तासाभरासाठी बोलावले होते. त्या आल्या त्या सूप, पाने आणि तंबाखू घेऊनच आल्या. दाराशी बसून विड्या वळत लक्ष ठेवीन, असे म्हणाल्या. मुलांच्या खोलीत तंबाखू नको, म्हणून मी सूप शेजारच्या घरी ठेवायला सांगितले. त्यांनी ते ठेवले, तासभर बसल्या, एकाही मुलाला दाराकडे फिरकू दिले नाही, पण जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. या गुरुवारीही मावशी येणार नाहीत. आजींना निरोप मी द्यावा, की सुनेकरवी द्यावा, एवढे कोणी सांगू शकेल का?