खिडक्या काचेसारख्या दिसत नाहीयेत, ग्राफिक्स कार्ड टाकावंच लागेल का?

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी. घरी जुना असेंबल्ड पीसी आहे, आय३ २१००, एच६१ बोर्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी नंतर टाकली. विंडोज ७ चा सपोर्ट संपल्यावर बरेच दिवस तसाच धूळ खात होता, आता ओळखीच्या एका कंप्युटरवाल्याकडून कुबुंटू २४.०४ (लिनक्स) टाकून घेतलं. बाकी ठीक चालतंय पण याच मशीनवर विंडोज ७ मध्ये खिडक्यांच्या कडा कशा काचेसारख्या दिसायच्या, मागचं वॉलपेपर धूसर दिसायचं, ते इथे काहीच नाही, पॅनल सपाट, मेनू सपाट. डेस्कटॉप इफेक्ट्समध्ये जाऊन ब्लरला, म्हणजे मागचं धूसर करायच्या इफेक्टला, टिक केली तर खिडकी अडकत अडकत सरकते आणि सीपीयूचा पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागतो. रिझोल्यूशन पण १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाहीये, मॉनिटर फुल एचडी आहे. कंप्युटरवाला म्हणतो ऑनबोर्ड ग्राफिक्सला हे झेपत नाही, एनव्हिडियाचं २ जीबीचं जीटी ७१० कार्ड टाका. टाकू का? नुसत्या दिसण्यासाठी पैसे घालवायचे जिवावर येतंय.

डेक्कनचा_नाना
टाका की, जीटी ७१० म्हणजे १९ वॅटचं कार्ड, वेगळी पॉवर वायर लागत नाही, बिनपंख्याची पण येतात त्यामुळे आवाज नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सेकंडहँड मिळून जाईल, घासाघीस करा आणि कॅबिनेट स्लिम असेल तर कार्ड बसवायची छोटी पट्टी सोबत मागून घ्या, ती नंतर कुठे मिळत नाही. गाडी मात्र बुधवार पेठेत नेऊ नका, कार्डापेक्षा पार्किंग शोधायला जास्त त्रास.

पेठेतला_पेंग्विन
नाना थांबा हो, खरेदीला कुठे निघालात.

आय३ २१०० मध्ये इंटेल एचडी २००० ही ऑनबोर्ड ग्राफिक्स चिप आहे, सँडी ब्रिज पिढी. कुबुंटूचा डेस्कटॉप केडीई, त्याचा खिडक्या सांभाळणारा विंडो मॅनेजर म्हणजे केविन, त्याच्या कोडमध्ये चक्क अट लिहिलीये की इंटेलची चिप सँडी ब्रिजच्या आधीची असेल तर ब्लर आपोआप चालू करू नको. म्हणजे तुमची चिप बरोबर उंबरठ्याच्या आतली आहे, तिला ब्लर आपणहून चालू मिळायला हवा होता. त्याच जागी दुसरी पण अट आहे, सगळं ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये म्हणजे सीपीयूवर होत असेल तरी ब्लर बंद. मला दाट शंका आहे की तुम्ही या दुसऱ्या अटीत अडकलाय, कारण १०२४ बाय ७६८ वर अडकणं आणि पंखा ओरडणं ही दोन्ही लक्षणं ड्रायव्हर चढलाच नाही याची आहेत.

सिस्टिम सेटिंग्जमध्ये अबाउट धिस सिस्टिम उघडा आणि ग्राफिक्स प्रोसेसर समोर काय लिहिलंय ते सांगा. इंटेल की एलएलव्हीएमपाइप (म्हणजे सीपीयूवर ड्रॉइंग करणारा सॉफ्टवेअर ड्रायव्हर)?

आणि २ जीबीचं म्हणाल तर, फुल एचडी एक अख्खी खिडकी म्हणजे १९२० गुणिले १०८० गुणिले ४ बाइट, साधारण ८ एमबी. दहा खिडक्या उघडल्या तरी ८० एमबी. नुसती पारदर्शकता म्हणजे दोन चित्रांचे रंग मिसळणं, ते फार जुन्या कार्डांना पण जमतं. धूसर करायला मात्र प्रत्येक पिक्सेलसाठी आजूबाजूचे पिक्सेल परत परत वाचावे लागतात, ते काम शेडरचं, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं. केविनमध्ये २०१८ पासून, केडीई डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ५.१३ आवृत्तीपासून, ड्युअल कावासे नावाची पद्धत आहे, चित्र आधी लहान करत धूसर करायचं मग परत मोठं करत आणायचं, त्यामुळे हे काम पण बरंच स्वस्त झालंय. मेमरीचा आकडा बॉक्सवर मोठा दिसतो एवढंच.

जीटी ७१० बद्दल अजून एक. ते केप्लर पिढीचं, एनव्हिडियाचा लिनक्स ड्रायव्हर त्याच्यासाठी ४७० मालिकेवर थांबला. वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची लिनक्सची नवी पद्धत) केडीईला ड्रायव्हरमध्ये जीबीएम नावाची सोय लागते आणि ती एनव्हिडियाने ४९५ पासून दिली. उद्या तुम्ही वेलँडवर गेलात की हेच नवीन घेतलेलं कार्ड नडणार. घ्यायचंच झालं तर जुनं एएमडी बघा, ओपन सोर्स ड्रायव्हर लिनक्सचं कर्नल आणि मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी यांच्यासोबतच येतो.

जुना_खेळाडू
हे वाचून विंडोज व्हिस्टा आठवलं. २००७ च्या जानेवारीत आलं तेव्हा पण हाच घोळ, एरो ग्लास म्हणजे याच काचेसाठी डायरेक्टएक्स ९ चं कार्ड, पिक्सेल शेडर २.०, ३२ बिट कलर आणि वर डब्ल्यूडीडीएम या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर, एवढं सगळं लागायचं. इंटेलच्या ९१५ चिपसेटमध्ये पिक्सेल शेडर २.० होतं पण डब्ल्यूडीडीएम ड्रायव्हर आलाच नाही, त्यामुळे काच नाही. आणि अशा मशीनवर सुद्धा व्हिस्टा केपेबलचं स्टिकर लागलेलं, अमेरिकेत त्यावरून मायक्रोसॉफ्टवर केस झाली. इंटेलच्याच ९४५ चिपसेटवाल्यांना ड्रायव्हर मिळाला आणि त्यांची काच चालली, दोन्ही चिपमध्ये खेळायच्या दृष्टीने फार काही फरक नव्हता. बरं व्हिस्टाची होम बेसिक आवृत्ती घेतली असेल तर कार्ड कितीही भारी असो, काच मिळायचीच नाही, तो वेगळाच विनोद.

कर्वेनगरकर
पेंग्विन साहेब, एलएलव्हीएमपाइपच लिहिलंय!! इंटेलचं नावच नाही. आता?

पेठेतला_पेंग्विन
मग कार्ड विसरा. बहुतेक इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन आली असेल म्हणून कर्नल सुरू करायच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द टाकला गेला आणि तसाच राहिला. ते असलं की इंटेलचा ड्रायव्हर उठतच नाही.

आधी फाइलला हात लावू नका. मशीन चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणा, ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीत नोमोडसेट दिसेल तेवढंच खोडा आणि एफ१० दाबा. हे एका वेळेपुरतंच असतं, समजा स्क्रीन काळी झाली तर रीस्टार्ट केल्यावर सगळं होतं तसं. नीट चाललं तर मग ईटीसी मधल्या डिफॉल्ट फोल्डरमधली ग्रब फाइल सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने) उघडून तिथून काढा आणि अपडेट-ग्रब चालवा, ही शेवटची पायरी लोक हमखास विसरतात आणि मग काही झालं नाही म्हणून परत विचारायला येतात.

डेक्कनचा_नाना
म्हणजे माझी तपकीर गल्लीची सहल बोंबलली म्हणायची. असो, माझ्या पोराच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, त्यात टास्कबारची पारदर्शकता मधूनच गायब होते, ते पण ड्रायव्हरचंच का?

पेठेतला_पेंग्विन
मधूनच म्हणजे चार्जर काढल्यावर का ते बघा. बॅटरी सेव्हर लागला की विंडोज स्वतःच ते इफेक्ट बंद करतं.

कर्वेनगरकर
झालं! मेसा इंटेल एचडी ग्राफिक्स २००० असं दिसतंय, १९२० बाय १०८० आपोआप आलं, ब्लर न सांगता चालू आणि पंखा गप. नोमोडसेट होतंच तिथे. आता एक, कॉन्सोलची, म्हणजे टर्मिनलची, खिडकी पारदर्शक केली तर मागच्या ब्राउझरची अक्षरं टर्मिनलच्या अक्षरांत मिसळतात, काही वाचता येत नाही.

पेठेतला_पेंग्विन
कॉन्सोलच्या प्रोफाइलमध्ये अपिअरन्स, तिथे कलर स्कीम एडिट करा, ट्रान्स्परन्सीच्या शेजारीच ब्लर बॅकग्राउंड आहे त्याला टिक करा. आणि पारदर्शकता १५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, स्क्रीनशॉटमध्ये छान दिसतं पण रोज काम करताना डोळे दुखतात.