पूलमध्ये १ किलोमीटर होतं, धरणात ६० मीटरवरच छाती आवळली

संत्रानगरी_४२

नमस्कार. वय ४२. नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूला राहते, नाग नदीपासून दोन गल्ल्या सोडून. दीड वर्षापूर्वी पोहायला शिकले. आता २५ मीटरच्या पूलमध्ये ४० लॅप, म्हणजे १ किलोमीटर, ३२ मिनिटांत न थांबता होतं.

गेल्या रविवारी सर आमच्या बॅचला उमरेडकडच्या एका छोट्या धरणावर घेऊन गेले. रीतसर परवानगी होती, बोट होती, दोन जीवरक्षक होते, प्रत्येकाच्या कमरेला नारिंगी फुगा होता. सोयीत काही कमी नव्हतं. मी ६० मीटर गेले असेन. तोंड पाण्यात घातलं की समोर नुसता चहाचा रंग. खाली रेघ नाही, फरशी नाही, माझाच हात कोपरापुढे दिसेना. छाती आवळली, श्वास वरच्या वर अडकला. फुग्याला मिठी मारून बोट येईपर्यंत तशीच राहिले.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरीच्या ओव्हरफ्लोचं पाणी आमच्या घरात शिरलं. लाइट गेलेली, सासूबाईंना दिवाणावर उभं केलेलं, आणि मोबाइलच्या टॉर्चमध्ये गुडघ्यापर्यंत आलेलं पाणी अगदी याच रंगाचं होतं. त्यानंतरच पोहणं शिकायचं ठरवलं. आता नेमकं तेच पाणी आडवं येऊन राहिलं.

ही भीती कशी काढू? आणि काटोलजवळ मामेभावाचं शेततळं आहे, तिथे सकाळी एकटीने सराव केला तर चालेल का? सर म्हणतात, स्टॅमिना वाढवा. पण दम लागलाच नव्हता हो.

विहीरवाला

ताई, शेततळ्याचं आधी सांगतो. उतरू नका. एकट्या तर नाहीच, कोणी सोबत असलं तरी नाही. माझं स्वतःचं तळं आहे, खाली प्लास्टिकचा कागद टाकलेला. काठ उतरता आणि कागदावर शेवाळ. मागच्या वर्षी माझं वासरू पडलं. पोहत होतं बिचारं, काठापर्यंत येत होतं, पण खूर ठरेना. चार माणसं अन् दोर लागला काढायला. माणसाचंही तेच होते. पोहता येणारा गडी काठाला हात लावून लावून थकून जाते. भावाला म्हणा, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेव अन् कुंपण घाल. हे आजच सांगा.

पहाटेची_पाळी

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. मी ५६ वर्षांचा, अकरा वर्षांपासून तलाव आणि समुद्र दोन्हीकडे पोहतो आहे.

तुमचा स्टॅमिना कमी नाही. पूलचा एक हिशोब बघा. ४० लॅपमध्ये तुम्ही ३९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलता. एका धक्क्यात चार मीटर धरले तरी दीडशे मीटर फुकट मिळतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर पाऊण मिनिटाला भिंत हाताला लागते आणि मनाला कळतं, आपण सुरक्षित आहो. धरणात ते मिळत नाही. म्हणून अंतर वाढवू नका, पाण्यात थांबायला शिका.

माझ्या आजोबांनी मला सावनेरकडच्या आमच्या विहिरीत कमरेला पांगाऱ्याचं लाकूड बांधून सोडलं होतं. पहिले आठ दिवस हात मारूच दिला नाही. "पडून राहाय आधी," एवढंच म्हणायचे. उताणं पडायचं, कान पाण्यात, आभाळाकडे बघायचं. मग लाकूड काढलं, तरी तेच. पोहणं नंतर आलं. तुम्हीही पूलच्या खोल बाजूला भिंत न धरता पाच मिनिटं उताण्या पडून राहा, मग पाच मिनिटं जागच्या जागी उभं पोहा. हे जमलं की मध्येच थांबण्याची धास्ती जाते.

छाती आवळते ती बहुतेक वेळा श्वास सोडला नाही म्हणून. माणूस घाबरला की हवा आत धरून ठेवतो, मग वर येऊन घ्यायला जागाच उरत नाही. तोंड पाण्यात असताना नाकातून "हूंऽऽ" असा आवाज काढत राहा. आवाज चालू म्हणजे श्वास बाहेर जातो आहे. धरणात उतरल्यावर लगेच हात मारू नका. गार पाणी अंगाला लागलं की पहिली मिनिट-दोन मिनिटं धाप लागतेच, ती शरीराची सवय आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मान, चेहरा भिजवा, धाप बसू द्या.

आता पूलमध्ये काय करायचं ते. भिंतीच्या तीन मीटर आधीच वळा, पाय लावू नका. श्वास घेताना डोळे उघडा, तोंड पाण्यात गेलं की मिटा. दर आठ हातांनी फक्त डोळे पाण्याच्या वर काढा, मगरीसारखे, आणि श्वास नेहमीप्रमाणे बाजूलाच घ्या. पूर्ण डोकं उचललं की पाय खाली जातात आणि तिथेच दम निघतो. धरणात दिशा बघायला बॉय, म्हणजे खुणेचा तरंगता फुगा, धरू नका, लाटेत तो दिसत नाही. त्याच्या मागचं उंच झाड किंवा पाण्याची टाकी धरा. आणि पायात गोळा आला तर उताणं व्हा, पायाची बोटं हाताने आपल्याकडे ओढा. घाई करू नका, फुगा आहेच.

आणि तो रंग. ती रात्र विसरा असं मी म्हणणार नाही, माझ्या बहिणीच्याही घरात त्या दिवशी पाणी होतं. पण पुढच्या वेळी मध्यभागी जाऊ नका. काठाला समांतर पोहा, जिथे कधीही उभं राहता येईल. वीस मीटर जा, उभ्या राहा, पाय मातीला लागू द्या, परत निघा. पाण्याखाली दूर काही शोधू नका, कोपरापर्यंतचा हात दिसतो तेवढा पुरे. दिवाळीनंतर गाळ खाली बसतो, पाणी बरंच निवळतं, तेव्हा गेलात तर आणखी सोपं जाईल. अंबाझरी-फुटाळा तलावांत मात्र सरावाला उतरू नका. अंबाझरीतली जलपर्णी पायात आली की अनुभवी माणूसही गडबडतो.

टाळीचा_आवाज

दिसत नाही म्हणून घाबरायला होतं हे खरं आहे, मलाही व्हायचं. मला धीर आला तो आपल्या कांचनमाला पांडेंमुळे. दृष्टी नाही, नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी, आणि २०१७ ला मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरणात २०० मीटर मिडलेचं, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीचं, सुवर्ण. त्यांच्या गटात सगळ्यांनाच काळे गॉगल लावावे लागतात, भिंत जवळ आली की काठावरचा माणूस काठीने स्पर्श करून सांगतो. मी मैत्रिणीला काठावर उभं करून, रिकाम्या लेनमध्ये डोळे मिटून असंच पोहून पाहिलं. दिशा चुकते, दोरीला हात लागतो, पण श्वास लागत नाही. करून बघा.

संत्रानगरी_४२

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने शेततळ्यात दोर सोडले, कुंपणाचे खांब उभे झाले.

काल पुन्हा धरणावर गेलो. मी काठाजवळच राहिले. पहिल्यांदा तोंड घातलं तेव्हा तोच दिवाण, तोच टॉर्च. "हूं" म्हणत राहिले. चौथ्या खेपेला माझ्या बांगडीवर ऊन पडलेलं पाण्यातून दिसलं, हात पुढे जाताना पिवळा चमकायचा. मग त्याच्याकडेच बघत गेले. बारा खेपा झाल्या, एकदाही फुगा धरला नाही. शेवटी छातीएवढ्या पाण्यात उताणी पडून राहिले. कान पाण्यात असल्यामुळे सरांची हाक ऐकूच आली नाही, बोटवाल्या दादांनी येऊन विचारलं, "ताई, झोपल्या का?"

पहाटेची_पाळी दादा, एक राहिलं. उताणी पडले की माझे पाय हळूहळू खाली जातात. हात डोक्यामागे नेले तर थांबतात. हे बरोबर करते आहे का?

पहाटेची_पाळी

अगदी बरोबर. हात मागे नेले की वजन छातीच्या वरच्या बाजूला सरकतं आणि पाय उचलले जातात. हनुवटी थोडी आभाळाकडे ठेवा आणि छाती हवेने भरलेली असू द्या, थोडाच श्वास सोडून पटकन पुन्हा घ्या. आणि बांगडी सैल असेल तर काढून ठेवा, दोरीत अडकते. नखाला लाल रंग लावा, तोही दिसतो.