मदत हवी आहे : पहिल्या ऑर्डरच्या अँबिसॉनिक ध्वनिमुद्रणासाठी सहा स्पीकर की आठ?

नमस्कार. वारकरी भजनाची काही ध्वनिमुद्रणे मी चार कॅप्सूलच्या (आवाज टिपणाऱ्या चार घटकांच्या) अँबिसॉनिक, म्हणजे चहूबाजूंचा आवाज दिशेसह टिपणाऱ्या, मायक्रोफोनवर केली आहेत. टाळकरी समोरासमोर दोन रांगांत, मध्ये पखवाज व विणेकरी आणि त्यांच्यालगतच मायक्रोफोन, अशी मांडणी असल्याने पुढचा आवाज आणि मागचा आवाज असा भेद येथे उरत नाही. त्यामुळे पुढच्या बाजूला झुकलेली ५.१ पद्धत मला नको आहे. खोली १४ × १२ फुटांची असून स्पीकर दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर ठेवता येतील. ऐकणारे एका वेळी तीन-चार जण असतील.

ऑर्डर म्हणजे दिशा किती बारकाव्याने नोंदली जाते त्याची पायरी. पहिल्या ऑर्डरचे चार चॅनेल असतात आणि उंचीचा वगळला तर तीनच उरतात. चौकोनात मांडलेल्या चार स्पीकरांवर ते वाजतात, पण थेट डावी-उजवीकडचा टाळ जागेवर नीट ठरत नाही. षट्कोनात हा दोष बराच कमी होतो. मात्र स्पीकर वाढवत गेल्याने आवाज सुधारतच जातो, असे नाही. पहिल्या ऑर्डरमध्ये एकच आवाज कमी-अधिक प्रमाणात जवळजवळ सर्व स्पीकरांतून निघतो, आणि स्पीकर दाट झाले की केंद्रापासून थोडे सरकून बसलेल्या माणसाच्या कानी तो किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचून वरच्या फ्रिक्वेन्सी दबतात. टाळांची सारी झळाळी तिथेच असते, म्हणून ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. शिवाय ध्वनिक्षेत्राची अचूक पुनर्रचना केंद्राभोवती सुमारे ९ सेंटिमीटर त्रिज्येत, म्हणजे एका डोक्यापुरती, जेमतेम ६०० हर्ट्झपर्यंतच टिकते. ही मर्यादा ओलांडायची तर स्पीकर वाढवून भागत नाही, ऑर्डरच वाढवावी लागते.

येथवर माझा कल सहाकडे होता. परंतु पुढे एका नाटकासाठी रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसऱ्या ऑर्डरची रचना करायची आहे. तिला आडव्या पातळीत सात चॅनेल आणि किमान आठ स्पीकर लागतात. अष्टकोनातले एकाआड एक चार स्पीकर घेतले तर चौकोन मिळतो, षट्कोन मिळत नाही. षट्कोन आणि तिसरी ऑर्डर दोन्ही हवे असतील तर बारापर्यंत जावे लागते आणि तेवढा खर्च झेपणारा नाही. आठ स्पीकर घनाच्या कोपऱ्यांवर लावून सभामंडपाच्या छताचा घुमारा मिळवण्याचा पर्यायही आहे, पण त्यात आडव्या पातळीतला नेमकेपणा चौकोनाइतकाच राहील, असे मला दिसते.

अष्टकोनावर पहिल्या ऑर्डरचे मुद्रण ज्यांनी प्रत्यक्ष ऐकले आहे, त्यांना विचारावेसे वाटते : सुमारे ७०० हर्ट्झच्या वर मॅक्स-आरई डिकोडिंग (चॅनेल स्पीकरांत वाटताना आवाजाची ऊर्जा त्याच्या मूळ दिशेकडे शक्य तितकी एकवटण्याची पद्धत) वापरल्यास केंद्राबाहेर बसलेल्यांना टाळ मंदावलेले जाणवतात का? जाणवत असतील, तर आठही स्पीकर वाजवण्यापेक्षा त्यांतल्या चारांचा चौकोन बरा, की भजनासाठी सहा स्पीकर घेऊन नाटकाची रचना दुसऱ्या ऑर्डरपुरती ठेवावी?