थंड पाण्यात रेग्युलेटर गोठला: दोष यंत्राचा की पोराचा?

बोडीकाठचा मामा (अर्जुनी मोरगाव):
राजेहो, भाचा जर्मनीत शिकते. मागच्या हिवाळ्यात तिथल्या तळ्यात डायव्हिंग करताना 20 मीटर खोल त्याचा रेग्युलेटर (पाठीवरच्या सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र) गोठला आन् हवा बदाबदा सुटली. जोडीदाराच्या हवेवर वर आला. आता म्हणते, थंड पाण्याचा नवा सेट पाहिजे, मामा पैसे पाठव. माझं मत, दोष सवयीचा. पोट्ट्यानं काठावरच, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, रेग्युलेटर तोंडात धरून चार-पाच श्वास घेऊन पाहिले. श्वासाची वाफ आत बसली, तिचाच बर्फ झाला. वरून पाण्यात, तरंगायच्या जाकिटात सिलिंडरची हवा भरता भरता श्वासही ओढत होता. लग्नात मोठ्या भट्टीवर सिलिंडरले बर्फ चढते न, तसंच. जेवढी जास्त ओढ, तेवढं गार.

साकोलीचा वेल्डर:
मामा, भट्टीचा दाखला चुकला. त्या सिलिंडरात द्रव असतो, तो उकळताना उष्णता खातो. डायव्हरच्या सिलिंडरात नुसती दाबलेली हवा. ट्रॅक्टरच्या चाकाची हवा सोडताना व्हॉल्वला बोट लावून पाहा, तसं ते. 200 बार दाबाची हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, एकदम 10 बारच्या आसपास उतरते आणि गार पडते. पाणी 4 अंशांवर असलं तरी स्प्रिंगभोवतीचं गोठतं आणि झडप मिटत नाही. म्हणून स्प्रिंगपर्यंत पाणी पोचूच न देणारा सीलबंद रेग्युलेटर लागतो. यात सवय काय करणार?

ढिवराचा नातू:
आमचा आजा इटियाडोह धरणात श्वास रोखून जाळं सोडवत होता. एवढ्या थंडीत पाण्यात जायचंच काहून?

मालवणला शिकलेला:
आजोबांना नमस्कार, पण 20 मीटरवर अर्धा तास कोण श्वास रोखणार! मामांचं निम्मं खरं आहे. सीलबंद घेऊनही काठावर फुंकत बसलात तर तोंडाजवळचा दुसरा टप्पा गोठतोच. आणि सिलिंडरात कंप्रेसरची ओलसर हवा भरली असेल तर सीलही कामाचं नाही, बर्फ आतूनच धरतो. पण घाबरलेला माणूस धापा टाकतो, तेव्हा सवय राहते कुठं? म्हणून तिकडे एका सिलिंडरला दोन व्हॉल्व आणि दोन स्वतंत्र पहिले टप्पे लावतात. एक गोठला की त्याचा व्हॉल्व बंद करायचा, दुसऱ्यावर वर यायचं. मालवणात हे कुणी शिकवलं नाही, तिथं गरजच नाही. मामा, युरोपच्या ईएन 250 मानकात 10 अंशांखालचं पाणी थंड धरतात. त्यासाठी तपासणी न झालेल्या रेग्युलेटरवर ‘10 पेक्षा जास्त’ अशी खूण असते. भाच्याच्या यंत्रावर काय आहे?

बोडीकाठचा मामा:
फोटो मागवला. तीच खूण आहे, जुनाच घेतला होता म्हणे, स्वस्तात. पण काठावर श्वास घेतलाच न? अर्धे पैसे पाठवतो. अर्धे त्यानं भरावे.