मदत हवी आहे: १८ हाती लुगडं म्हणजे नेमके किती मीटर?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावातले, शहापूरचे. घरात लग्न काढलंय आणि आजीची बस्त्याची जुनी वही सापडली आहे. तिच्यात सगळा हिशेब हातात: 'लुगडी १६ हाती २, १८ हाती ३, परकराला ५ हात'. आत्याचा हट्ट, बस्ता या वहीप्रमाणेच बांधायचा. दुकानात मात्र मीटर सांगा म्हणतात.

मोबाईलवर यार्ड आणि हँड घालून बघितलं, तर एका वारात ९ हात येतात. म्हणजे १८ हाती लुगडं दोन वारांचं? त्यात तर परकरसुद्धा बसायचा नाही! शिवाय गणपत गल्लीत फुलवाली कोपरानं मोजून गजरा देते, मोळ म्हणते. तो आणि कापडाचा हात एकच काय हो?

प्रतिसाद

ताई, मोबाईलवाला हँड घोड्याचा आहे. ४ इंचांचा. इंग्रज घोड्याची उंची त्यात मोजतात, जमिनीपासून मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत. त्यातही गंमत अशी की १४.२ लिहिलं तर १४ हात २ इंच वाचायचं, तो दशांश नव्हे. बस्त्याशी त्याचा काही संबंध नाही.

आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, १८ इंच. दोन विती म्हणजे हात, दोन हात म्हणजे वार. कानडीतला मोळ तोच, वितीला ते गेणू म्हणतात. वार ०.९१४४ मीटरचा. तेव्हा १६ हाती म्हणजे आठवारी, ७.३२ मीटर. १८ हाती म्हणजे आपली नऊवारी, ८.२३ मीटर. परकराचे ५ हात म्हणजे अडीच वार, २.२९ मीटर घ्या.

प्रतिसाद

हिशेब बरोबर आहे, पण कोपरानं मोजून घेऊ नका. मोजणाऱ्याचा हात इंचभर तोकडा असला तर १८ हातांत १८ इंच जातात, म्हणजे अख्खा एक हात कमी. गजऱ्यात चालतंय, लुगड्यात काष्टा अपुरा पडतो. दुकानात टेप लावायला सांगा आणि लांबी ब्लाऊजपीस धरून आहे की सोडून, तेवढं आधी विचारा. घरातलं जुनं सुती लुगडं मापाला नेणार असाल तर धुऊन आटलेलं असतंय, त्यावर जाऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

लय उपकार झाले. वही आत्याला वाचून दाखवली, वार ऐकून तिचं समाधान झालं. आता नवीनच निघालंय: मामी चांगल्या उंच आहेत, त्यांना नऊवारी पुरत नाही म्हणतात. दहावारी म्हणजे २० हात, ९.१४ मीटर ना? ती शहापूर-वडगावात तयार मिळते, की मागावर सांगून विणून घ्यावी लागते? कुणी अलीकडं घेतली असेल तर सांगा की.